मराठी मुलखांत इस्लाम आणि फारशी



पुण्याच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या कांठीं, चिखली नांवाचें एक गांव आहे. एका बाजूस देहू, दुसऱ्या बाजूस आळंदी आणि नदी ओलांडून पुढें गेलें कीं चाकण, असा त्याचा शेजार. पावसाळ्यांत तेथील काळ्या मातीची पाणंद ज्यानें एकदां तुडविली असेल त्याला गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति कोणा पंडिताला विचारावी लागणार नाहीं. आज त्या मातीवर लहानमोठे कारखाने उभे आहेत आणि गांव महानगरपालिकेंत गेलें आहे. परंतु जमिनीचे कागद अजून जुन्याच साच्याचे आहेत.

अशा एखाद्या जमिनीचा सातबाराचा उतारा हातीं घ्या. माथ्यावर 'नमुना' हा शब्द. मग 'तालुका' आणि 'जिल्हा'. त्याखालीं 'जिरायत', 'बागायत', 'पोटखराब', 'खरीप', 'रब्बी'. 'जमीन' हा शब्द फारशी, ज्यावर हें सारें लिहिलें तो 'कागद' फारशींतून आलेला, आणि शेवटीं होणारी 'सही' मूळची अरबी. आतां तो कागद बाजूस ठेवून शेतांत उतरा. नांगर, कुळव, पाभर, विळा, मोट, पाट, मळणी, खळें. येथें सारें मराठी आहे. जमीन कसण्याचे शब्द एका कुळांतले, तिची नोंद ठेवण्याचे व वसूल घेण्याचे शब्द दुसऱ्या कुळांतले. आणि हे दोन्ही प्रकारचे शब्द एकाच शेतकऱ्याच्या तोंडीं इतके सहज बसले आहेत कीं त्यांतला भेद त्याला जाणवतहि नाहीं.

ही वांटणी कशी झाली, याविषयीं मला आज आपणांशीं बोलावयाचें आहे. इस्लाम आणि फारशी हीं दोन्ही बाहेरून आपल्याकडे आलीं, आणि पुष्कळदां एकाच घोड्यावर बसून आलीं. म्हणून आपण त्यांना एकच समजत आलों. कोणी म्हणतो, दोन्ही तलवारीनें लादलीं गेलीं. कोणी म्हणतो, फकीर-अवलियांनीं तीं प्रेमानें दिलीं. मला या दोन्ही गोष्टी अर्ध्या वाटतात. मराठी मुलखांत शिरल्यावर त्या दोघांच्या वाटा फुटल्या. धर्म थोड्या घरांत गेला, आणि तेथें तो मराठी बोलूं लागला. फारशी मात्र ज्यांनीं धर्म बदलला नाहीं त्यांच्याच घरांत अधिक खोल उतरली.

पहिली गोष्ट ही कीं इस्लाम आपल्या किनाऱ्यावर प्रथम आला तो फारशी बोलत नव्हे. तो समुद्रावरून, अरबी बोलत आला. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा मसूदी हा ग्रंथकार सैमूर बंदरास, म्हणजे आपल्या चौलास आला होता. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें तो लिहितो: सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी, आणि येथेंच जन्मलेली त्यांची संतति. आंकडा ढोबळ असेल, पण वस्ती लहान नव्हती हें खास. त्या वेळीं राज्य राष्ट्रकूटांचें होतें. पालघर जिल्ह्यांत चिंचणी येथें सांपडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून असें दिसतें कीं, त्यांच्या वतीनें संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब होता. ताम्रपटांत त्याचें नांव 'मधुमति' असें आहे. मुहंमद या नांवाचें तें संस्कृत रूप. आणि त्याच्याच मान्यतेनें तेथील देवीच्या मठिकेस दान दिलें गेलें. म्हणजे कोणत्याहि सुलतानाचें पाऊल दक्षिणेंत पडण्यापूर्वीं जवळजवळ पावणेचारशें वर्षें कोंकणांत मुसलमान नांदत होते. त्यांनीं मराठीला कांहीं फारशी दिली नाहीं, कारण त्यांच्याजवळ ती नव्हती.

फारशीची वाट निराळी. सातव्या शतकांत अरबांनीं इराण जिंकला तेव्हां तेथील लिहिण्याची भाषा अरबी झाली. पुढें दोन-तीन शतकांनीं, इराणच्या ईशान्येकडील बुखाऱ्याच्या सामानी दरबारांत ती देशभाषा अरबी लिपि घेऊन व पुष्कळ अरबी शब्द पोटांत घालून पुन्हा उभी राहिली. फिर्दौसीचा 'शाहनामा' १०१० सालीं पुरा झाला. गंमत अशी कीं तिला हिंदुस्थानांत आणणारे राजे बहुतेक इराणी नव्हतेच. त्यांची घरची बोली तुर्की होती. घरीं तुर्की, मशिदींत अरबी आणि दरबारांत व दप्तरांत फारशी, असा हा तीन जिभांचा कारभार गझनीहून लाहोरास, लाहोराहून दिल्लीस आणि दिल्लीहून देवगिरीस आला. उलट जावा-सुमात्रांत इस्लाम पसरला तो फारशी दप्तराच्या आधारावांचून, आणि आपल्या मलबारांत मोपल्यांनीं मल्याळम् अरबी अक्षरांत लिहिली. तेव्हां जेथें इस्लाम तेथें फारशी, हा नियम नव्हे.

देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीचा घाला आला तो १२९६ सालीं. याच वर्षीं, चिखलीपासून दोन-तीन कोसांवर, आळंदीस ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली. त्यापूर्वीं सहा वर्षें पुरी झालेली 'ज्ञानेश्वरी' ही फारशीचा वारा लागण्यापूर्वींच्या मराठीची शेवटची मोठी साक्ष होय. पुढें १३१८ पर्यंत यादवांचें राज्य बुडालें. १३२७ मध्यें महंमद तुघलखानें देवगिरीचें दौलताबाद करून दिल्लीचे मानकरी, मुनशी, मुल्ला व सूफी तेथें आणून बसविले. त्याचा राजधानीचा बेत फसला, पण आणलेलीं माणसें सर्वच परत गेलीं नाहींत. निजामुद्दीन अवलियाचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ सालीं खुलदाबादेस वारले. अमीर हसन सिज्झी हा फारशी कवि तेथेंच मातीआड झाला. १३४७ मध्यें बहामनी राज्य निघालें, आणि दक्षिणेंतल्या दरबाराला दिल्लीकडून नव्हे तर थेट इराणी आखातांतून माणसें येऊं लागलीं. होर्मुझला गलबतावर चढावें, चौल किंवा दाभोळला उतरावें, घाट चढून जुन्नर गांठावें. अशीच ती वाट होती.

या वाटेवर कसें काय घडे याच्या दोन हकीकती मी थोड्या विस्तारानें सांगणार आहें, कारण दोन्ही चिखलीच्या आसपासच्या आहेत.

पहिली जुन्नरची. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी एक उमदा घोडा घेऊन होर्मुझहून चौलास उतरला. घोड्याला दक्षिणेंत किंमत येते एवढेंच त्याला ठाऊक होतें. जुन्नरास तेथील सरदार असदखान यानें तो घोडा हिसकावून घेतला आणि सांगितलें कीं तूं मुसलमान हो, म्हणजे घोडाहि परत देतों आणि वर हजार मोहरा देतों. न झालास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. चार दिवसांची मुदत मिळाली. बिचारा निकितीन आपल्या देवाचा धांवा करीत बसला. इतक्यांत ख्वाजा महंमद नांवाचा एक खुरासानी गृहस्थ जुन्नरास आला. त्यानें रदबदली केली, खानानें हट्ट सोडला आणि घोडा परत मिळाला. आतां पाहा, धर्म बदलण्यासाठीं दडपण आणणारा मुसलमान, आणि त्यांतून सोडविणाराहि मुसलमान. निकितीननें दोघांचीहि नोंद प्रामाणिकपणें करून ठेविली. ती वाचतांना आपणहि एकालाच पाहून दुसऱ्याकडे डोळेझांक करूं नये.

दुसरी हकीकत चाकणची, आणि ती फार कडू आहे. बहामनी दरबारांत 'आफाकी' म्हणजे इराण-अरबस्तानांतून नवे आलेले, आणि 'दखनी' म्हणजे पूर्वींच येऊन येथले झालेले, असे दोन तट पडले होते. धर्म दोघांचाहि इस्लामच. पण आफाकींना आपल्या शुद्ध फारशीचा व कुळाचा तोरा, तर दखनींची बोली येथल्या मातीशीं मिसळलेली. दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा (१४३६–१४५८) याच्या कारकीर्दींत मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी हा आफाकी सरदार चाकणचा कोट ठाणें करून कोंकणावर निघाला. त्यानें एका शिरक्याला धरलें आणि इस्लाम किंवा मृत्यु यांतून एक निवड म्हणून बजावलें. शिर्के मुत्सद्दी. तो म्हणाला, मी एकटा मुसलमान झालों तर खेळण्याचा राजा मला हिणवील. आधीं त्याला जिंका, वाट मी दाखवितों. खेळणा म्हणजे पुढचा विशाळगड. त्यानें वाट दाखविली ती दाट रानांतली. रात्रीं छापा पडला आणि मलिक-उत्-तुज्जार आपल्या माणसांसह तेथेंच कापला गेला.

वांचलेले आफाकी धडपडत चाकणास आले. दखनी सरदारांनीं बेदरास सुलतानाकडे लिहिलें कीं हे लोक फितूर आहेत. सुलतानानें खातरजमा न करतां त्यांना मारण्याचा हुकूम दिला. चाकणच्या कोटाला वेढा पडला. तो लांबला तेव्हां अभय देऊन आफाकींना बाहेर काढण्यांत आलें, मेजवानीस बसविण्यांत आलें, आणि जेवतांना त्यांची कत्तल झाली. मृतांत सय्यदहि होते, म्हणजे प्रत्यक्ष पैगंबराच्या वंशांतले समजले जाणारे. थोडे निसटले, ते सुलतानापर्यंत पोंचले, आणि मग शिक्षा भोगण्याची पाळी दखनींवर आली. ही सारी कथा आपणांस फिरिश्त्याकडून मिळते, आणि फिरिश्ता स्वतः इराणांत जन्मलेला, म्हणजे आफाकींच्या पक्षाचा. तेव्हां दखनींचा कावा त्यानें थोडा अधिक काळा रंगविला असणें शक्य आहे. तरीहि मुख्य गोष्ट राहतेच. चाकणच्या कोटांत मुसलमानानें मुसलमानाला मारलें, आणि त्यांच्यामधली रेघ धर्माची नव्हती. देशाची आणि भाषेची होती.

पुढें बेदरास १४७२ चा भव्य मदरसा बांधणारा, गीलानचा महमूद गवान याच भांडणाचा बळी झाला. १४८१ सालीं खोट्या पत्राच्या आधारें त्याचा शिरच्छेद झाला. फारशी विद्येचा एवढा मोठा आश्रयदाता दक्षिणेनें पुन्हा क्वचितच पाहिला असेल.

असो. दरबारांतून आतां गांवाकडे वळूं. गांवांत धर्म कसा गेला? जबरदस्ती झाली, यांत शंका नाहीं. देवळें पडलीं, औरंगजेबानें १६७९ सालीं जिझिया पुन्हा बसविला, नेताजी पालकर पकडला जाऊन १६६७ मध्यें महंमद कुलीखान झाला, आणि १६७६ मध्यें परत येऊन पुन्हा नेताजी झाला. परंतु तलवारीनें झालेलें धर्मांतर तलवार दूर होतांच किती टिकतें, हें त्याच्याच चरित्रांत दिसतें. जें टिकलें तें बहुधा मंद गतीनें झालें: सरकारी चाकरीमुळें, फौजेंतल्या वस्तीमुळें, एखाद्या पीराच्या दर्ग्याशीं जडलेल्या नवसामुळें, कित्येकदां सबंध धंदेवाईक जमातीच्या निर्णयामुळें. आतार, बागवान, तांबोळी, पिंजारी हीं नांवें पाहा. हीं धंद्यांचीं नांवें आहेत. खेड्यांत तर मुलाणी हा बलुत्यांच्या व्यवस्थेंतच सामावला गेला. बकरें हलाल करणें हें त्याचें काम, आणि पुष्कळ गांवांत हिंदु कुळेंहि तें त्याच्याच हातून करून घेत. त्याबद्दल सुगीच्या वेळीं इतर कारूनारूंप्रमाणें त्यालाहि धान्य मिळे. त्याला फारशी येत होती असें समजूं नका. नमाजापुरती अरबी पाठ, बाकी सारा व्यवहार मराठींत किंवा दखनींत.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे तर मराठींतच लिहिते झाले. त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ वारकरी मंडळींत मानानें वाचला गेला. मालोजीराजे भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती. मालोजींच्या मुलांचीं शहाजी व शरीफजी हीं नांवें नगरच्या शहाशरीफ पीराच्या नवसानें ठेविलीं, अशी परंपरा आहे. नांव पीराचें, पण घर हिंदु! असा सारा तो प्रकार.

साडेसहाशें-सातशें वर्षांच्या या सहवासानंतर, २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत मुसलमानांचें प्रमाण सुमारें साडेअकरा टक्के भरलें. ('खानेसुमारी' हा शब्दहि फारशीच, हें जातां जातां.) बंगालच्या पूर्व भागांत बहुसंख्य शेतकरी मुसलमान झाले आणि बंगाली बोलत राहिले. आपल्याकडे बहुसंख्य शेतकरी विठोबाचे राहिले आणि सारा 'वसूल', 'बाकी', 'जमा', 'खर्च' करूं लागले. हें कोणी घडविलें? माझें उत्तर असें कीं कुलकर्ण्यानें.

सुलतान बदलत, सरदार बदलत. गांवचें दप्तर सांभाळणारा मात्र बदलत नसे. राज्याला वसूल हवा होता, आणि तो कोणत्या शेताचा किती हें फक्त पाटील-कुलकर्ण्यांना ठाऊक. म्हणून निजामशाही-आदिलशाहीच्या कित्येक कागदांत वर फारशी मजकूर आणि खालीं तोच मराठींत, अशी जोडी आढळते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानें (१५३४–१५५८) तर हिशेबाचें फारशी दप्तर काढून तें देशभाषेंत केलें आणि त्यावर ब्राह्मण नेमले, असें फिरिश्ता सांगतो. तो त्या भाषेस 'हिंदवी' म्हणतो. मराठी प्रांतापुरती ती मराठीच. आपणांस वाटेल, मग फारशी मागें हटली असेल. झालें उलट. फारशी दप्तर होतें तोंवर फारशी शब्द फारशी कागदांत राहत होते. दप्तर मराठी झालें तेव्हां ते शब्द मराठींत राहावयास आले.

चिखलीचेच कुलकर्णी मल्हारपंत हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक होते असें वारकरी परंपरा सांगते. गांवाला टाळगांव चिखली म्हणतात तें त्याच मानानें. तो काळ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, निजामशाही मावळून आदिलशाही येण्याचा. दिवसा 'मौजे', 'महसूल', 'तसरनफा' लिहावें आणि रात्रीं तुकोबांच्या मागें टाळ धरावा, असें एकाच माणसाचें जीवन होतें. आणि त्यांत त्याला कांहीं विसंगति वाटली असेल असें मला वाटत नाहीं. पैठणास एकनाथांनीं तर त्याआधींच त्या दप्तरी भाषेला परमार्थाच्या कामास जुंपलें होतें. त्यांच्या 'अर्जदास्ती'ंत देह हा परगणा, जीव त्याचा अंमलदार आणि बुद्धि त्याची कारकून. आणि ही मंडळी वर मालकाकडे गांवच्या दुरवस्थेचा अर्ज धाडतात. फारशी अर्जाचा साचा ऐकणाऱ्याला तोंडपाठ असल्यावांचून या रूपकांत गोडी कशी येणार? एकनाथ १५९९ सालीं समाधिस्थ झाले. म्हणजे सोळाव्या शतकांतच बाजारांतल्या सामान्य श्रोत्याला तो साचा परिचित झालेला होता.

शब्द किती आले, याहून कोणत्या जातीचे आले हें अधिक बोलकें असतें. हलवा, सरबत, अत्तर, गुलाब, पायजमा हीं वस्तूंचीं नांवें. वस्तु आली कीं नांव येतेंच. पण 'शिवाय', 'खेरीज', 'बद्दल', 'बाबत', 'मार्फत' यांचें काय? हीं नांवें नव्हत, हीं वाक्याचीं बिजागरें आहेत. ज्या भाषेंत पिढ्यान् पिढ्या लिहावें लागलें, तिच्यांतूनच असे शब्द उसने येतात. 'मार्फत' पाहा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ओळख, ज्ञान. सूफींच्या परिभाषेंत 'मारिफत' म्हणजे ईश्वराची साक्षात् ओळख, साधनेची एक थोर पायरी. तोच शब्द आपल्याकडे दप्तराच्या वाटेनें आला आणि मनिऑर्डर पोस्टामार्फत पाठवूं लागला.

'खरीप' आणि 'रब्बी' यांची कथा याहून रंजक आहे. अरबींत खरीफ म्हणजे शरद् ऋतु आणि रबी म्हणजे वसंत. आपला शेतकरी खरीप पेरतो तो मृगांत आणि रब्बी पेरतो ती दिवाळीच्या सुमारास. मग ऋतूंचीं नांवें चुकलीं कीं काय? चुकलीं नाहींत. हीं नांवें पेरणीचीं नव्हेत, कापणीचीं आहेत. धान्य शेतांत जातें केव्हां याच्याशीं सरकारला कर्तव्य नव्हतें; खळ्यावर येतें केव्हां याच्याशीं होतें.

कालगणनेचेंहि तेंच. हिजरी सन चांद्र. तो दरवर्षीं दहा-अकरा दिवस मागें सरकतो, आणि त्यावर पिकाचा सारा कसा घ्यावा? म्हणून १३४४ च्या सुमारापासून दक्षिणेंत 'शुहूर सन' नांवाचा सौर सन चालू झाला. त्याचे आंकडे अरबी, पण वर्षारंभ सूर्य मृगांत जातो त्या दिवशीं. म्हणून त्याला मृगसाल असेंहि म्हणत. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस असे आंकडे मराठी कारकून पेशवाईअखेर मोडींत लिहीत होते. मक्केचे आंकडे आणि मिरगाचा पाऊस यांचा असा मेळ कोणा धर्माचार्यानें घातला नसता. तो वसुलाच्या गरजेनें घातला.

या सर्वाविषयीं मराठ्यांना कधींच कांहीं वाटलें नाहीं असें नव्हे. राज्याभिषेकानंतर शिवाजीमहाराजांनीं 'राजव्यवहारकोश' करविला. रघुनाथपंडिताच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या कोशांत सुमारें चौदाशें दप्तरी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापति. राजवाड्यांनीं १६२८, १६७७ व १७२८ सालचे तीन कागद घेऊन शब्द मोजले. फारशी शब्दांचें प्रमाण शेंकडा पंचाऐशींवरून सदतीसांवर आणि तेथून सहांवर आलेलें त्यांना दिसलें. आंकडे डोळे दिपविणारे आहेत, पण तीन कागदांवर सबंध भाषेचा निवाडा करणें मला धाडसाचें वाटतें. कागद कोणी कोणाला लिहिला यावर पुष्कळच अवलंबून असतें. शिवाय त्या तिसऱ्या कागदाच्या वेळीं राज्याच्या मुख्य कारभाऱ्याला लोक पंतप्रधान म्हणत नव्हते, पेशवाच म्हणत होते. आणि 'सरदेशमुखी' या शब्दांत 'सर' फारशी आणि 'देशमुखी' मराठी अशीं दोघें एका गाडीला जुंपलीं होतीं.

आपल्या ओळखीच्या घरांचीं आडनांवें आठवून पाहा. चिटणीस, सबनीस, पोतनीस यांतला 'नीस' म्हणजे फारशी 'नवीस', लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारशी लिहिणारा. डबीर म्हणजे लेखक. मुजुमदार, इनामदार, मोकाशी, हेजीब हींहि त्याच दप्तरांतलीं. हीं सारीं हिंदु घरें. त्यांच्या देव्हाऱ्यांत गणपति आणि दारावर इराणी हुद्दा. तिकडे मुलाण्याच्या घरीं कुराणाची पोथी कापडांत बांधून उंच ठेवलेली आणि चुलीपाशीं बोलणें मराठी.

या प्रश्नानें जो सर्वांत अधिक ओढाताणींत सांपडला असेल तो माधव जूलियन. माधवराव पटवर्धन हे फारशीचे प्राध्यापक. १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' त्यांचा, उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारशीवरून मराठींत आणल्या त्यांनीं, मराठींत गझल रुजविली तीहि त्यांनींच. आणि १९३८ मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्दांच्या वापराविरुद्ध उभे राहिले तेहि तेच. पुष्कळांना यांत धरसोड दिसते. मला वाटतें, मराठींत फारशी किती आहे हें ज्याला पुरतें ठाऊक होतें, त्यालाच ती काढण्याची कल्पना पुरती करतां आली. मी स्वतः त्यांच्या दुसऱ्या मताचा नाहीं. पण तें मत अज्ञानांतून आलेलें नव्हतें, एवढें त्यांच्या बाजूनें सांगणें प्राप्त आहे.

जे शब्द हुकमानें आले त्यांची गत मात्र पाहण्यासारखी आहे. १६६० सालीं शायिस्ताखानानें चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें दोन महिने कोट झुंजविला आणि मगच तो पडला. मोंगलांनीं चाकणचें नांव इस्लामाबाद ठेविलें. पुढें औरंगजेबानें पुण्याला मुहियाबाद आणि सिंहगडाला बक्षिंदाबक्ष म्हटलें. मोंगली कागदांत हीं नांवें सांपडतात. गांवकऱ्यांच्या तोंडीं तीं बसलीं नाहींत. चाकण चाकणच राहिलें, पुणें पुणेंच. आणि ज्यांविषयीं कोणी फर्मान काढलें नव्हतें ते शब्द? चिखली ज्या तालुक्यांत मोडत आली त्याचें नांव हवेली. सुलतानी कारभारांत ठाण्याच्या भोंवतालचा जो मुलूख, त्याला हा शब्द लावीत. 'कारखाना' म्हणजे कामाचें घर. सुलतानांच्या वाड्यांत ते असत, शिवाजीमहाराजांचे अठरा कारखाने प्रसिद्धच आहेत, आणि आज चिखलींत एखाद्या पत्र्याच्या छपराखालीं दोन लेथ यंत्रें चालत असलीं तरी त्याला कारखानाच म्हणतात. तेथल्या कामगाराची 'हजेरी', 'रजा', 'हप्ता' हीं त्याच कुळांतलीं. 'पगार' तेवढा पोर्तुगिजांनीं दिला.

'जकात' हा तर धर्माचा शब्द. मुसलमानाच्या पांच मुख्य कर्तव्यांपैकीं एक. आपल्या संपत्तीचा ठराविक अंश गरजूंना देणें. सुलतानी अंमलांत तो व्यापारी मालावरील करास लागला, मराठ्यांनीं तो तसाच चालविला, इंग्रजांनीं ठेविला, नगरपालिकांनीं उचलला. १९९७ सालीं चिखली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आली तेव्हां लोखंड, पत्रा, धान्य घेऊन येणाऱ्या मालमोटारींना शहरांत शिरतांना नाक्यावर थांबून ही जकात भरावी लागे. २०१३ सालीं तेथील जकात उठली आणि नाके बंद झाले. नाक्यांच्या जागेला लोक अजून जकात नाकाच म्हणतात.